रोअन पॅस्कोचं सोमवारचं पत्र

माझा मेहुणा रोअन पॅस्को मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही बरं बोलले तर ते खरं समजा, आणि वाईट बोलले तर त्यातलं थोडं वजा करा. थोडंच.

रोअन अल्व्हरस्टोनचा. बाप नळ जोडणारा, आई शाळेत शिपाई. टास्मानियाच्या या उत्तर किनाऱ्यावरची हुशार मुलं एकदा समुद्र ओलांडून मेलबर्नला गेली की परत येत नाहीत. हा आला. गावाबाहेर एक कंपनी आहे, कॅमेरा लावून भाजी निवडणारी यंत्रं बनवते. साठेक माणसं असतील. त्यात लागला, आणि चाळिशीला पोचायच्या आत तंत्रज्ञान विभागाचा प्रमुख झाला. मधल्या काळात त्याने माझ्या धाकट्या बहिणीशी, लिओनीशी, लग्न केलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. मी शेजारच्या पेंग्विन गावात राहते आणि कांद्याच्या शेडमध्ये काम करते. तेवीस वर्षं पट्ट्यावर उभी राहून कांदा निवडला, आता निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करते.

पत्राची सुरुवात अशी झाली की कंपनीने त्याला मेलबर्नला कसल्याशा शिबिराला पाठवलं. चांगला प्रमुख आपल्या माणसांशी मनापासून बोलतो, असं तिथे कुणीतरी शिकवलं. रोअन परत आला आणि दर सोमवारी सकाळी कंपनीतल्या सगळ्यांना एक पत्र लिहायला लागला. पहिलं पत्र मला आठवतं. घरातला नळ गळत होता आणि लिओनी तीन आठवडे सांगत होती. त्याने ऐकलं नाही, आणि शेवटी फरशी उखडावी लागली. त्यावरून कामाच्या ठिकाणी लहान तक्रारी वेळेवर ऐकाव्यात, असं काहीतरी. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. स्वतःवर हसून लिहिलं होतं.

मग ती पत्रं तो इंटरनेटवर टाकायला लागला. सहा महिन्यांत चार हजार लोक वाचायला लागले. आणि रोअन पॅस्को स्वतःवर हसायचा थांबला. आता पत्राच्या पहिल्या अर्ध्यात घरातलं कुणीतरी चुकायचं आणि दुसऱ्या अर्ध्यात रोअन त्यावरून शहाणा व्हायचा. लिओनी गाडीचा हँडब्रेक लावायला विसरली आणि गाडी घरंगळत शेजाऱ्यांच्या कुंपणात गेली: चूक झाली की माणूस शोधू नये, कारण शोधावं. माझा घटस्फोट झाला: जुनी यंत्रणा कधी बंद करायची हे कसं ओळखावं.

हे दुसरं मला रोअनने सांगितलं नाही. शेडमध्ये ट्रक घेऊन येणारा एक ड्रायव्हर आहे, त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "व्हर्ना, यातली जुनी यंत्रणा तू, की तुझा नवरा?"

मी रोअनला फोन केला. तो म्हणाला, मी नाव कुठे घेतलंय? मी म्हटलं, पेंग्विनला राहणाऱ्या, कांद्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या मेहुण्या तुला किती आहेत? त्यावर तो शांतपणे म्हणाला की माझा राग त्याला समजतो. हेच त्याचं सगळ्यात वाईट. तुम्ही त्याच्यावर ओरडा, तो तुमचा राग समजून घेतो, आणि समजून घेतल्यावर तो राग त्याचा होतो.

तेव्हाही मी गप्प बसले असते. मोठ्या माणसांनी आपापलं सोसावं. पण मग त्याने टॅम्सिनला घेतलं.

टॅम्सिन त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा चौदाची. तिचे शब्द लहानपणापासून अडकतात. सगळे नाहीत, काही अक्षरांवर. वर्षानुवर्षं एका बाईंकडे बोलण्याचे व्यायाम करायला जात होती, बरीच सुधारली होती. त्या वर्षी तिने शाळेच्या वादविवादात स्वतःहून नाव दिलं. लिओनी पाहायला गेली होती. पोरगी उभी राहिली, दोन वाक्यं छान बोलली, आणि तिसऱ्यात एका शब्दावर अडकली. बराच वेळ अडकली. मग खाली बसली. घरी येऊन आईच्या मांडीत डोकं खुपसून रडली. रोअन तिथेच होता. तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. लिओनी सांगते, त्याचेही डोळे भरले होते. मी विश्वास ठेवते.

सोमवारी पत्र आलं. मथळा होता ‘चाळीस सेकंद’. एका सभागृहात एक मुलगी शब्द शोधत उभी असते आणि सगळं सभागृह गप्प असतं. त्या चाळीस सेकंदांत तिच्या डोक्यात काय चाललं असेल. आपण कामाच्या बैठकांमध्ये माणसांना विचार करायला चार सेकंदही देत नाही. चांगलं लिहिलं होतं. मला सगळ्यात जास्त त्याचीच चीड आली. इतकं चांगलं लिहिलं होतं की मी ते दुसऱ्यांदा वाचायला लागले, आणि मग मला आठवलं की ही आपली टॅम्सिन आहे.

शाळेतल्या मुलांनी ते वाचलंच. वर्गात टॅम्सिन उत्तर द्यायला उभी राहिली की मागून एक पोरगा घड्याळ बघून मोजायचा. एक, दोन, तीन. चाळीसपर्यंत.

तिने बापाला सांगितलं, ते काढून टाक. त्याने तिला समोर बसवलं आणि अर्धा तास समजावलं. ज्यांचे शब्द अडकतात अशा माणसांनी कुठून कुठून पत्रं पाठवली होती, ती वाचून दाखवली. कॅनडातल्या एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं की आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी समजून घेतलं. रोअन म्हणाला, तुझ्यामुळे किती लोकांना धीर आला बघ.

"मी त्यांना ओळखत नाही," टॅम्सिन म्हणाली.

त्याने पत्र काढलं नाही. फक्त ‘माझी मुलगी’च्या जागी ‘माझ्या ओळखीची एक लहान व्यक्ती’ असं केलं.

पुढच्या जानेवारीत त्याच्या कंपनीचं यंत्र आमच्या शेडमध्ये बसलं. पट्ट्यावरून कांदा जातो, वर सहा कॅमेरे, खालून वाऱ्याचा झोत. खराब कांदा उडून बाजूला पडतो. बारापैकी सहा बायकांना मालकाने घरी बसवलं. रोअन स्वतः आला होता, अंगात पिवळं चमकदार जाकीट घालून. मी त्याला बाजूला घेतलं. भांडायला नाही. मी म्हटलं, यंत्र साल बघतं. पण कांदा मानेत सडतो, पात जिथून फुटते तिथे, आतून. वरून तो नवऱ्या मुलासारखा दिसतो. आम्ही प्रत्येक कांदा हातात येताच मानेवर अंगठा दाबतो. सडका असला तर अंगठा आत जातो. ते बघायला इथे कुणीतरी ठेव. मी त्याचा हात धरून एका कांद्यावर त्याचा अंगठा दाबूनही दाखवला.

तो मान तिरकी करून ऐकत होता. फोनवर काहीतरी टिपून घेत होता. मला वाटलं, अंगठ्याचं लिहून घेतोय.

सोमवारी पत्र आलं. विषय होता, बदलाला घाबरलेल्या माणसांशी कसं बोलावं. त्यात जवळच्या एका ‘वयस्क नातेवाईक’ बाईने त्याचा हात धरला होता, आणि त्या हाताच्या थरथरीतून त्याला कळलं होतं की तिचा विरोध यंत्राला नाही, ती स्वतःच्या निरुपयोगी होण्याला भ्यायली आहे. मी तेव्हा त्रेपन्नची होते. तो सत्तेचाळीसचा. आणि माझा हात सकाळपासून थंड शेडमध्ये होता, म्हणून थरथरत होता.

मार्चमध्ये युरोपात आमचा एक कंटेनर उघडला तेव्हा आतून वास आला. अख्खा माल तिथेच फेकून द्यावा लागला. मानेतली सड. त्या सोमवारचं पत्र अपयशावर होतं. आम्ही ऐकण्यात कमी पडलो, असं त्यात होतं. त्या ‘आम्ही’त कोण कोण येतं ते मला कळलं नाही. घरी बसवलेल्या सहाजणींना ना त्याने फोन केला, ना कंपनीने, ना आमच्या मालकाने. मी रोअनला फोन केला.

"मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस, मान्य आहे," तो म्हणाला. "पण व्हर्ना, तू ज्या पद्धतीने सांगितलंस, त्यात माहिती कमी आणि भावना जास्त होती. ती वेगळी कशी करायची, हे मला शिकायला हवं."

"तुझा अंगठा धरून दाबला मी कांद्यावर. आणखी कुठे दाबायला हवा होता?"

त्याने माझा राग समजून घेतला. मी फोन ठेवला.

घरात मात्र तोवर दुसरंच सुरू झालं होतं. टॅम्सिनने बापासमोर बोलणं बंद केलं. रुसवा वगैरे नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, पण ज्याचं काही पत्र होऊ शकणार नाही एवढंच. हो. नाही. ठीक. मग लिओनीनेही तेच धरलं. तिला काही मनातलं सांगायचं असलं की ती गाडीत बसून मला फोन करायची, काचा वर करून. स्वतःच्या घराच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीत.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. मेंढीची मांडी भाजलेली, बटाटे, पुदिन्याची चटणी. सगळं नेहमीचं. आणि टेबलावर काट्या-सुऱ्यांचा आवाज तेवढा. रोअनने लिओनीला दुकानाबद्दल विचारलं. ती म्हणाली, गर्दी होती. टॅम्सिनला विचारलं, सध्या डोक्यात काय चाललंय. ती म्हणाली, काही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बटाटे इकडे सरकव. तासभर आम्ही तिघी असं जेवलो. मला त्या माणसाची दया यायला हवी होती. मला मजा आली. तेही लिहून ठेवायला हवं, कारण त्या टेबलावर दुष्टपणा एकट्या रोअनचा नव्हता.

पुढचे चार-पाच सोमवार त्याची पत्रं कोरडी गेली. शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर एक. फुटबॉलच्या सामन्यावर एक. बापाच्या नळजोडणीवर दोन. वाचणारे कमी व्हायला लागले असावेत, कारण तो घरात चिडचिड करायला लागला, आणि तो कधी चिडत नसे.

मग एका सोमवारी पत्र आलं, ‘शनिवारचा चहा’.

लिओनीने ते दुकानात वाचलं, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. त्यात असं होतं की शनिवारी सकाळी रोअन टेबलाशी बसलेला असताना त्याची मुलगी चहाचा कप घेऊन आली, आणि म्हणाली, "डॅड, तू माझ्यासाठी थांबतोस, म्हणून मला बोलता येतं." शेगडीपाशी उभी असलेली बायको मागे वळून हसली. खिडकीतून ऊन येत होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, डोळ्यांत पाणी आलं, भाग्यवान बाप.

त्या शनिवारी टॅम्सिन माझ्याकडे पेंग्विनला होती, शुक्रवारपासून. आणि लिओनी सकाळी आठपासून दुकानात. घरात रोअन सोडून कुणीच नव्हतं.

लिओनी दुकान बंद करून घरी गेली. ती ओरडली नाही, ती ओरडणारी नव्हेच. तिने विचारलं, शनिवारी टॅम्सिन कुठे होती? तो म्हणाला, हा एक प्रसंग म्हणून घे, असे प्रसंग घराघरांत होतातच. त्यातली भावना खरी आहे.

"कुणाची?" लिओनीने विचारलं.

तेव्हा त्याचा तोल गेला. म्हणाला, तुम्ही दोघींनी मला काही शिल्लकच ठेवलं नाहीत, मी लिहू काय? लिओनी म्हणते, त्या वाक्यानंतर तिला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं तिला शंका होती की आपण कोत्या मनाच्या आहोत, त्याचं मोठेपण आपल्याला सोसत नाही. ती शंका गेली. दोन दिवसांनी ती टॅम्सिनला, शाळेच्या कपड्यांना आणि इस्त्रीला घेऊन माझ्या घरी आली.

रविवारी दुपारी त्याने मुलीला भेटायला यायचं ठरलं. पहिल्या रविवारी तो आला तेव्हा मी दारातच सांगितलं, फोन गाडीत ठेवून ये. तो निमूट परत गेला, ठेवून आला. व्हरांड्यात तो आणि टॅम्सिन बसले. मी आत भांडी घासत होते, खिडकी उघडी ठेवून. हो, मुद्दाम.

तो तिला म्हणाला की तिला दुखवायचं त्याच्या मनात कधी नव्हतं. मग जे बोलला ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि ते वेगळं होतं, घोटून गुळगुळीत केलेलं नव्हतं. म्हणाला, "मला आत काय वाटतंय ते कळत नाही, टॅम्. लहानपणापासून. सगळं धुकं असतं. लिहायला बसलो की कळतं. तू रडत होतीस तेव्हा मला काय झालं, ते मला सोमवारी कळलं."

माझा हात भांड्यावर थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, अरे, या माणसाला खरंच काहीतरी नाहीये, आणि ते तो शोधतोय.

टॅम्सिनला उत्तर द्यायला वेळ लागला. शब्द अडकला. तो थांबला. हे मात्र म्हणायला हवं, तो फार चांगला थांबतो. वाक्य पुरं करायची घाई नाही, नजर वळवणं नाही. तिच्या त्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंपेक्षाही चांगला.

"मग ल-लिही ना," टॅम्सिन म्हणाली. "वहीत लिही. फक्त कुणाला दाखवू नकोस."

त्याने खरंच विचार केला. मला खिडकीतून त्याचं तोंड दिसत होतं. तो टाळत नव्हता, थट्टा करत नव्हता. त्याला खरोखर प्रश्न पडला होता.

"मग कशाला लिहायचं?" तो म्हणाला.

टॅम्सिन उठली, आपला कप उचलला आणि आत आली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, खिडकी लाव, वारा येतोय. वारा नव्हता.

लिओनी परत गेली नाही. वेगळं होण्याबद्दल रोअनने एक अक्षर लिहिलं नाही. त्याचं श्रेय त्याला द्यायचं की कंपनीतल्या कुणीतरी दटावलं होतं, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी तो मेलबर्नला मोठ्या कंपनीत गेला. आमच्या शेडमध्ये सहापैकी चारजणींना परत बोलावलं. यंत्र आकार बघतं, रंग बघतं, ते काम आमच्यापेक्षा चांगलं करतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्या पुढे चौघी उभ्या राहतात आणि मान दाबतात. बाकी दोघींपैकी एक वारली आणि एक आमच्याशी बोलत नाही. तिच्या मते मी त्या यंत्रवाल्याची नातेवाईक.

टॅम्सिन आता वीस वर्षांची आहे, होबार्टला शिकते. पंधरा दिवसांतून एकदा बापाशी फोनवर बोलते. काय बोलतात, मी विचारत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्हा तिघींना टपालाने एकेक कागद आला. रोअनच्या पत्रांचं पुस्तक निघणार होतं, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची लेखी संमती प्रकाशकाला हवी होती. सोबत त्याची चिठ्ठी होती, हाताने लिहिलेली: नाही म्हणालात तरी चालेल. मी तो कागद फाडला. लिओनीने ‘नाही’वर खूण करून परत पाठवला; ती माझ्यापेक्षा सभ्य आहे. टॅम्सिनने सही केली.

मला कळलं तेव्हा मी तिला फोन करून वाट्टेल ते बोलले. तिने ऐकून घेतलं, मग सांगितलं की तिने सहीबरोबर एक अट लिहिली होती. ‘माझ्या ओळखीची एक लहान व्यक्ती’ खोडून तिथे पूर्ण नाव घालायचं, टॅम्सिन पॅस्को. आणि ती ज्या शब्दावर अडकली होती तो शब्द बरोबर घालायचा, कारण त्याने तोही चुकीचा लिहिला होता.

रोअनने तिला कळवलं की असं केलं तर ते पत्र सगळ्यांचं राहणार नाही, एका मुलीचं होईल. आणि त्याने ते पुस्तकातून काढलं.

पुस्तक निघालं. आमच्यातलं कुणी त्यात नाही. मी वाचलेलं नाही, वाचणारही नाही. टॅम्सिनने वाचलं. सुट्टीत इथे आली होती तेव्हा मी विचारलं, कसं आहे. ती म्हणाली, बरं लिहिलंय, पण कुत्राच फार आहे त्यात.

मी म्हटलं, बरी खोड मोडली मेल्याची. एकटा पडला तर पडू दे, त्याची लायकीच ती. आणखीही बरंच म्हटलं.

"व्हर्ना," टॅम्सिन म्हणाली, एकाही अक्षरावर न अडकता, "तो माझा बाप आहे. तू आता गप्प बस."

मी बसले.